मुलांच्या कवटीतल्या गाठी : मोठी भीती आणि लहान छेद

(रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत ज्येष्ठ नागरिक कट्ट्याच्या वतीने सोसायटीच्या सभागृहात दिलेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून दिले आहे. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)



या व्याख्यानमालेत आतापर्यंत मृत्युपत्र झालं, गुडघेदुखी झाली, गच्चीवरची बाग झाली. माझी पाळी आली तेव्हा सचिवांनी विचारलं, "काका, तुम्ही बँकेवर बोलणार ना? केवायसी, नॉमिनेशन वगैरे?" मी म्हटलं, बँकेवर छत्तीस वर्षं बोललो, आता पुरे. मला लहान मुलांच्या कवटीच्या हाडात होणाऱ्या गाठींबद्दल बोलायचं आहे. सचिव जरा गप्प झाले. विषय जड आहे हे मलाही कळतं. पण सहा वर्षांपूर्वी आमच्या घरात हा आजार आला, तेव्हा मराठीत, साध्या भाषेत सांगणारं कोणी भेटलं नाही. डॉक्टर जे सांगत ते मी वहीत उतरवत गेलो. ती वही आज समोर ठेवून बोलतो आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, डॉक्टर नव्हे, एवढं ध्यानात ठेवून ऐका.

आधी धीराची गोष्ट. मुलांच्या डोक्याला हाताला लागणारी प्रत्येक गोष्ट आजार नसते. बाळंतपणात दाब पडून नवजात बाळाच्या डोक्यावर हाडाच्या आवरणाखाली रक्त साकळतं, ते बहुधा काही आठवड्यांत आपोआप जिरतं. मानेच्या वर, डोक्याच्या मागे मधोमध हाडाचा उंचवटा असतो, तो सगळ्यांनाच असतो. आत्ता हात लावून पाहा. केसांत उवा किंवा पुरळ असेल तर कानामागे वाटाण्याएवढ्या गाठी येतात. आणि पडल्यावर येणारं टेंगूळ तर आपण सगळ्यांनीच मिरवलंय. ते चार-आठ दिवसांत ओसरतं. ओसरलं नाही, उलट वाढलं, तर मात्र दाखवायला हवं.

आमचा नातू तेव्हा चार वर्षांचा होता. रविवारी सौ. त्याच्या डोक्याला तेल लावत होत्या. उजव्या बाजूला, कानाच्या वर चार बोटांवर, त्यांच्या हाताला मऊसर काहीतरी लागलं. दाबलं की तो "दुखतंय" म्हणाला. आठवडाभर वाट पाहिली, ते कमी होईना. बालरोगतज्ज्ञांनी एक्स-रे काढायला सांगितला. त्या काळ्या-पांढऱ्या फिल्मवर हाडात एक गोल भोक दिसत होतं, पंचिंग मशीननं कागदाला पाडावं तसं. बँकेत मी हजारो व्हाउचरं पंच केलेली पाहिली, पण आपल्या नातवाच्या कवटीत तसं भोक पाहताना पायातलं बळ गेलं.

पुढे निदान झालं ते 'लँगरहान्स सेल हिस्टिओसायटोसिस'. नाव लांबलचक आहे, डॉक्टर त्याला एलसीएच म्हणतात, मीही तेच म्हणेन. पंधरा वर्षांखालच्या दर दहा लाख मुलांमागे वर्षाला साधारण ४ ते ५ मुलांना हा होतो. म्हणजे किती विरळा ते बघा. कुठल्याही वयात होऊ शकतो, पण जास्त करून एक ते चार वर्षांच्या मुलांत दिसतो, आणि मुलांच्या हाडांपैकी कवटीतच सर्वांत जास्त.

या नावामागची हकिगत सांगतो, कारण आपल्यापैकी निम्म्या लोकांशी तिचा संबंध आहे. पॉल लँगरहान्स हा बर्लिनमध्ये वैद्यकी शिकणारा जर्मन विद्यार्थी. १८६८ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यानं माणसाच्या त्वचेत फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या पेशी पाहिल्या. त्याला त्या मज्जातंतूच्या पेशी वाटल्या. पुढे कळलं की त्या रोगप्रतिकाराच्या, पहारेकऱ्यासारख्या पेशी आहेत. याच लँगरहान्सनं दुसऱ्या वर्षी, १८६९ मध्ये, स्वादुपिंडातली पेशींची बेटं पाहिली, जिथे इन्सुलिन तयार होतं. तेव्हा इथे सकाळी चालायला येण्याआधी मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांनी या तरुणाला नमस्कार करायला हरकत नाही.

एलसीएचमध्ये त्या पहारेकऱ्यांसारख्या दिसणाऱ्या पेशी नको तिथे गोळा होतात आणि आजूबाजूचं हाड खातात. या पेशी त्वचेतून येत नाहीत, अस्थिमज्जेत जन्मतात, हे अलीकडे समजलं. हा कर्करोग की नुसती सूज, यावर डॉक्टरांत अनेक दशकं वाद होता. २०१० साली निम्म्याहून अधिक रुग्णांच्या गाठीत 'बीराफ' नावाच्या जनुकात एक ठरावीक बदल सापडला आणि पारडं एका बाजूला झुकलं. आता त्याची गणना पेशींच्या अनियंत्रित वाढीच्या आजारांत करतात. पण 'कर्करोगाच्या यादीत आहे' एवढं ऐकून छाती दडपून घेऊ नका. एकाच हाडात असलेला एलसीएच बहुतेक मुलांत पूर्ण बरा होतो, काही वेळा तर काही न करताही मावळतो. आजार एकाहून अधिक अवयवांत असेल, विशेषतः यकृत, प्लीहा किंवा अस्थिमज्जेत, तर मात्र तो गंभीर असतो. म्हणून एक गाठ सापडली की बाकी शरीर तपासतात: रक्त, पोटाची सोनोग्राफी, सगळ्या हाडांचे फोटो, गरज असेल तर पेट स्कॅन. आम्हाला हे सगळं करताना 'एका गाठीसाठी एवढं कशाला' असं वाटलं होतं. शाखेचं इन्स्पेक्शन असतं ना, एका खात्यात फरक सापडला की सगळी लेजर उघडतात, तसंच हे.

आता उपचाराकडे येतो. पहिल्या रुग्णालयात आम्हाला सांगितलं गेलं की हाडाचा तो भाग चहूबाजूंनी मोकळा कापून काढायचा आणि खड्डा झाकायला पट्टी बसवायची. व्याही म्हणाले, "बरोबर आहे, एकदाच काय ते काढून टाका." मुलगा सही करायला तयार होता. सूनबाई मात्र म्हणाली, "ते काय आहे हे कुणी सांगितलंच नाही अजून. नाव नसलेल्या गोष्टीसाठी त्याचं डोकं उघडायचं?" मला तिचं पटलं. बँकेत मेकर-चेकर पद्धत असते. एकानं नोंद करायची, दुसऱ्यानं तपासून पास करायची. त्यात पहिल्याचा अपमान नसतो. आम्ही फाईल घेऊन मुलांच्या मेंदूशल्यविशारदांकडे गेलो आणि त्यांनी मुलांच्या कर्करोगतज्ज्ञांना सोबत बसवलं.

त्यांनी जे समजावलं ते आपल्या सोसायटीच्या भाषेत सांगतो. मागे आपण स्ट्रक्चरल ऑडिट केलं तेव्हा इंजिनिअरनं सगळे पिलर फोडले का? नाही. मशीननं बारीक कोअर काढली, ती लॅबमध्ये पाठवली, अहवाल आला आणि मग कुठे किती तोडायचं ते ठरलं. इथंही तसंच. आधी लहान छेद घेऊन तुकडा तपासणीला पाठवायचा. एलसीएच निघाला तर हाड रुंद कापायची गरजच नसते. आतला मऊ भाग चमच्यासारख्या हत्यारानं खरवडून काढायचा. त्या पोकळीत स्टिरॉइडचं औषध सोडता येतं. सगळं मुळासकट काढण्याच्या नादात हाड जास्त गेलं, तर खड्डा मोठा होतो, भरून यायला वेळ लागतो आणि फायदा वाढत नाही. लहान मुलाच्या कवटीला स्वतःहून हाड भरण्याची ताकद असते. मेंदूवरचं जाड आवरण शाबूत असलं की कडेकडेनं नवं हाड येत जातं.

काही ठिकाणी सिटीस्कॅनवर पाहत सुईनंच तुकडा घेतात आणि त्याच सुईनं औषध सोडतात. काही ठिकाणी केसांच्या आत छेद घेऊन दुर्बिणीनं काम करतात. कोणती पद्धत वापरायची ते गाठ कुठे आहे यावर ठरतं.

नातवाला पूर्ण भूल दिली. केसांत दोन सेंटिमीटरचा छेद. शस्त्रक्रिया चालू असतानाच तुकड्याचा प्राथमिक अहवाल मागवला, मग खरवडणं आणि औषध. आम्ही बाहेर बसलो होतो. सौ. जप करत होत्या, व्याही घड्याळ पाहत होते. सूनबाई खिडकीशी उभी होती. डॉक्टर बाहेर आले तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला तो मी जन्मात विसरणार नाही. ती म्हणाली, "डॉक्टर, तो माझ्या हातून पडला होता का? त्यामुळे झालं का हे?"

इथे मला थोडं कडू बोलायचं आहे, माफ करा. त्या आठवड्यांत आपल्याच लिफ्टमध्ये, आपल्याच पोर्चमध्ये, कोणी म्हणालं होतं, "पडला असेल, हल्लीच्या आया मोबाईलमध्ये असतात." कोणी तिला तोंडावर विचारलं, "लक्ष नव्हतं का गं?" म्हणणाऱ्यांच्या मनात वाईट नसेल. पण ती खाली यायची बंद झाली. भाजीवाल्याकडेसुद्धा जाईना. मूल आजारी असताना आईला चोरासारखं वागावं लागलं.

डॉक्टर तिला म्हणाले, "पडण्यामुळे हा आजार होत नाही. पडलं की आपण डोक्याला हात लावतो, म्हणून सापडतो, इतकंच." हा आजार आईच्या खाण्यापिण्यातून येत नाही, ग्रहणामुळे येत नाही, आणि संसर्गानं दुसऱ्या मुलाला लागत नाही. जनुकातला तो बदल त्या पेशींपुरता असतो, तो घराण्यातून आलेला नसतो. हे मी आज माइकवरून सांगतो आहे, ते पंचवीस वर्षांच्या शेजाराच्या हक्कानं. पुढच्या वेळी कोणाच्या लेकराच्या डोक्याला बँडेज दिसलं, तर "काय मदत करू?" एवढंच विचारा.

नातू दुसऱ्या दिवशी सकाळी शिरा खाऊन घरी आला. पक्का अहवाल एलसीएचचाच होता. बाकी शरीरात कुठे काही नव्हतं, म्हणून त्याला केमो लागली नाही. वर्षभरानं पाहिलं तेव्हा भोक बरंचसं भरलं होतं. आता तो दहा वर्षांचा आहे आणि पार्किंगमध्ये क्रिकेट खेळून कोणाच्या काचा फुटतात ते तुम्हाला ठाऊकच आहे.

पण प्रत्येकाचं इतक्यावर भागत नाही, तेही सांगायला हवं. त्याच वॉर्डात एक मुलगी होती. तिची गाठ कानामागच्या हाडात होती. कान फुटला म्हणून बरेच महिने नुसते थेंब घातले गेले होते. कानामागचं हाड, डोळ्याची खोबण, कवटीचा तळ या जागांना डॉक्टर जोखमीच्या मानतात, कारण तिथला आजार पुढे मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीपर्यंत त्रास देऊ शकतो. मग मुलाला सतत तहान लागते, लघवीला पुन्हा पुन्हा जावं लागतं. हा साखरेचा मधुमेह नव्हे, वेगळा प्रकार आहे, आणि त्यावर औषध आहे. अशा जागी एकच गाठ असली तरी औषधोपचार देतात. नेहमीचा उपचार म्हणजे विनब्लास्टिनची इंजेक्शनं आणि प्रेडनिसोलोन, सुमारे वर्षभर. आजार अनेक अवयवांत असलेल्या मुलांत सहा महिन्यांच्या उपचारापेक्षा बारा महिने दिल्यास तो परत उलटण्याचं प्रमाण कमी होतं, हे आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसलं आहे.

हे विनब्लास्टिन कुठून आलं माहीत आहे? आपल्या गेटजवळच्या वाफ्यात जी सदाफुली आहे ना, तिच्यातून. १९५८ च्या सुमारास कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर या संशोधकांनी ते सदाफुलीच्या पानांतून वेगळं काढलं. खरं तर सदाफुली मधुमेहावर चालते अशी समजूत होती म्हणून तपासणी सुरू झाली होती. साखर काही उतरली नाही, पण पांढऱ्या पेशी कमी झाल्या, आणि त्यातून कर्करोगाचं औषध मिळालं. म्हणून कोणी पानं चावायला जाऊ नका हं. ती विषारी आहेत, औषध म्हणून त्यातलं काय, किती आणि कसं द्यायचं ते डॉक्टरांचं काम.

कवटीवरची आणखी एक गाठ सांगतो, कारण ती एलसीएचपेक्षा जास्त आढळते. 'डरमॉइड'. गर्भात चेहरा आणि कवटी जोडली जात असताना त्वचेच्या काही पेशी आत अडकतात आणि तिथे हळूहळू पिशवी तयार होते. बहुधा भुवईच्या बाहेरच्या टोकाला गोटीसारखी लागते, दुखत नाही. पूर्वी भुवईवरच छेद घेत, आता बऱ्याच ठिकाणी केसांच्या आत छेद घेऊन दुर्बिणीनं काढतात, म्हणजे चेहऱ्यावर व्रण राहत नाही. मात्र अशी गाठ नाकाच्या मधोमध असेल, किंवा तिथे बारीक छिद्र असून त्यातून केस बाहेर आलेला दिसला, तर ती पिळू नका, टोचू नका. तिची वाट आतपर्यंत, मेंदूच्या आवरणापर्यंत गेलेली असू शकते. एमआरआय करूनच पुढचं ठरवतात.

आणि नवजात बाळांच्या आजी-आजोबांसाठी एक सूचना. बाळाचं डोकं एका बाजूनं चपटं किंवा होडीसारखं लांबट दिसत असेल, तर "वळण द्या, होईल गोल" म्हणून महिने घालवू नका. बऱ्याचदा ते एका कुशीवर निजल्यानं असतं आणि सुधारतं. पण कधी कवटीचे सांधे वेळेआधी जुळलेले असतात. ते लवकर, पहिल्या तीन-चार महिन्यांत कळलं, तर लहान छेदातून दुर्बिणीनं सांधा मोकळा करता येतो आणि मग काही महिने खास टोपी घालतात. उशीर झाला की मोठी शस्त्रक्रिया लागते. लहान छेदाचा फायदा वेळेवर गेलेल्यालाच मिळतो.

आता थोडं कागदपत्रांबद्दल, नाहीतर मी बँकेतला म्हणून शोभणार नाही.

एक : फाईल तारीखवार लावा. एक्स-रे, स्कॅनच्या सीडी, अहवाल, डिस्चार्ज कार्ड. मूळ प्रत कोणाला द्यायची नाही, झेरॉक्स द्यायची.

दोन : दुसरं मत घ्यायचं तर नुसता अहवाल पुरत नाही. तपासणीच्या तुकड्याच्या काचा आणि मेणाचा ठोकळा मागून घ्या. दुर्मीळ आजारात दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टनं पाहणं महत्त्वाचं असतं. एलसीएच ओळखायला विशेष रंगचाचण्या लागतात.

तीन : रुग्णाच्या नोंदी मागण्याचा आपल्याला अधिकार आहे. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत मागणीनंतर ७२ तासांत त्या द्याव्यात असं म्हटलं आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

चार : पैशाची अडचण असेल तर गप्प बसू नका. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जा. आपल्या घरी काम करणाऱ्या मावशींना, वॉचमनना हे सांगा. त्यांना ते कोणी सांगत नाही.

पाच : बरं झालं म्हणून तपासण्या सोडू नका. हा आजार काही मुलांत दुसऱ्या जागी परत डोकं काढतो. पाच वर्षं तरी डॉक्टरांनी दिलेली तारीख पाळायची. आम्ही ती कालनिर्णयवर लिहून ठेवत होतो, गॅसच्या नंबराशेजारी.

शेवटी, डॉक्टरांना कधी दाखवायचं ते पुन्हा एकदा. टेंगूळ दोन आठवड्यांत ओसरलं नाही किंवा वाढतंय. दाबल्यावर हाडात खळगा लागतो. एक डोळा पुढे आल्यासारखा वाटतो. कान औषध घालूनही महिनोन्‌महिने वाहतो. टाळूवरचा खवल्यांचा पुरळ काही केल्या जात नाही. मूल रात्री उठून उठून पाणी मागतं. यातलं काही असलं तरी बहुतेक वेळा कारण साधंच निघेल. पण ते साधं आहे हे डॉक्टरांनी म्हणायचं, आपण व्हॉट्सअ‍ॅपवर ठरवायचं नाही.

आपल्या इमारतीत नातवंडं वाढताहेत. अंगाला-डोक्याला तेल लावायची पद्धत जुनाट म्हणून सोडू नका, एवढीच आजीलोकांना विनंती. मुलाच्या डोक्यावरून रोज फिरणारा हात आधी ओळखतो. आमच्याकडे एक्स-रेच्या आधी सौ.च्या बोटांना कळलं होतं.

 वही मी आणली आहे. कोणाला काही उतरवून घ्यायचं असेल, विचारायचं असेल, तर चहा घेता घेता बोलू. चहा तयार आहे असं खजिनदार मघापासून खुणावताहेत.